बिडाचा तवा मिळालाय, आता परत काय द्यायचं?

लाल_माती

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेतल्या जॉर्जियात, मेकनजवळच्या एका लहान गावात राहतो. ११ वर्षं झाली. आई तासगावहून मे महिन्यात आली, नोव्हेंबरात परत जाईल.

आमच्या शेजारी ८४ वर्षांच्या एक आजी राहतात. आई त्यांना पहिल्या दिवसापासून 'आक्का' म्हणते आणि त्याही हाकेला ओ देतात. आईला इंग्रजी येत नाही, आक्कांना मराठी यायचा प्रश्नच नाही. तरी रोज संध्याकाळी दोघी आक्कांच्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसतात. सध्या अंगणात पिकानचा, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचा, सडा पडतोय. तो वेचायचा, फोडायचा आणि आपापल्या भाषेत बोलायचं. परवा आई माझ्या मावशीच्या लग्नात पाऊस कसा आला ते सांगत होती आणि आक्का मान डोलावत "वेल, आय डिक्लेअर" म्हणत होत्या.

मैत्री कशी झाली तेही सांगते. जूनमध्ये एका दुपारी आई मागच्या पायरीवर बसून ताकात भाकरी कुस्करून खात होती. आक्का टोमॅटो द्यायला आल्या, वाटीत बघितलं आणि हसायलाच लागल्या. मग आईचा हात धरून तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. काचेच्या उंच ग्लासात मक्याची भाकरी म्हणजे कॉर्नब्रेड कुस्करला, वरून गार ताक ओतलं आणि लांब चमचा आईच्या हातात दिला. त्यांचे वडील शेतावरून आले की रात्री हेच जेवायचे म्हणे. आई घरी आली ती डोळे पुसत. म्हणाली, "अगं, आपले आबा असंच खायचे."

आता मुद्दा. आक्का महिनाअखेर लेकीकडे ओहायोला जायच्या आहेत, कायमच्या. एकटं राहणं आता झेपत नाही. सोमवारी संध्याकाळी त्या त्यांचा बिडाचा तवा घेऊन आल्या. तवा म्हणजे दांड्याचा, तव्यापेक्षा खोल आणि कढईपेक्षा उथळ. त्यांच्या आजीचा. आतून काळ्या पाषाणासारखा गुळगुळीत झालाय, बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. लेकीकडे काचेची शेगडी आहे, तिला नकोय. दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो आईच्या हातात दिला.

शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं हे आईनेच आम्हाला शिकवलं. इथे तर भांडं परत करायचंच नाहीये. मग द्यायचं काय? हातात तीन आठवडे आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांनी, राहून गेलेल्यांनी आणि ज्यांना ज्यांना सुचेल त्यांनी सांगा. तुमच्या अशा शेजारच्या आठवणीही येऊ द्या.

मिरजेची_माई

गोधडी. विचार करायची गरजच नाही. आईच्या दोन सुती साड्या आणि तीन आठवडे, आरामात होईल. ओहायोत थंडी पण जबरी असते.

खारी_शेंग

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर. आधी एक विचारतो, तुमच्या आईंनी तिथल्या उकडलेल्या शेंगा खाल्ल्या का?

लाल_माती

@खारी_शेंग, खाल्ल्या म्हणजे काय! महामार्गाकडेला एक माणूस मोठ्या पातेल्यात उकडत बसतो. आईने गाडी थांबवायला लावली. पहिली शेंग चोखली आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे, पण फार शिजवल्यात."

खारी_शेंग

आईंशी असहमत :) पण समजू शकतो. आपण कुकरला तीन-चार शिट्ट्या देतो, दाणा जरा करकरीत हवा असतो. इथे ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन् तास शिजतात, दाणा वालाच्या उसळीसारखा मऊ होतो. मी उत्तर फ्लोरिडात राहतो. आमच्याकडे म्हणतात की फ्लोरिडात जेवढं उत्तरेला जाल तेवढी दक्षिण, म्हणजे दक्षिणी चालीरीती, लागते. मायामीत या शेंगा शोधाव्या लागतात, आमच्याकडे पेट्रोल पंपावर मिळतात.

माझं बालपण साताऱ्याजवळचं. गणपतीच्या सुमारास शेतातून वेल उपटून आणायचे, मुळांना चिकटलेली माती झटकायची आणि अंगणातच चूल मांडायची. नोकरीनिमित्त इथे आलो तेव्हा पहिले दोन महिने कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. ऑगस्टमध्ये एका पंपावर तो वास आला. मी गाडीत बसून अख्खी पिशवी संपवली आणि मग घरी फोन लावला. त्यानंतर इथे राहणं जमायला लागलं, हे मी अगदी खरं सांगतोय.

अमेरिकेतला जवळजवळ निम्मा भुईमूग एकट्या जॉर्जियात होतो. म्हणजे आक्कांना शेंगदाणा काय ते सांगायला नको.

बायो_सिटी

ह्यूस्टनमधून हजेरी. टेक्सास दक्षिणेत येतं की नाही यावर माझ्या ऑफिसात दर महिन्याला वाद होतो, त्यामुळे इथे लिहायची परवानगी आहे असं गृहीत धरते.

भांड्यांवरून आठवलं. माझे सासरे इथे आमच्याकडे असतानाच गेले, २०१६ साली. आम्ही सुन्न होतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून शेजारी दाराशी यायला लागले. कुणी कॅसरोल म्हणजे भात घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ आणला, कुणी चवळी, कुणी नुसता बर्फ आणि कागदी ताटल्या. एक शब्द जास्त नाही. "यू ईट समथिंग, हनी" एवढंच. आपल्याकडे सुतकात चूल पेटवत नाहीत, शेजारचे पिठलं-भात आणतात. इथे आम्हाला कोण आणणार असं सासूबाई रात्रभर म्हणत होत्या. सकाळी टेबलावर जागा उरली नाही.

आठवड्याने भांडी परत करायला घेतली तेव्हा पाहिलं, प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने नाव. सासूबाईंनी एकेक भांडं उलटं करून हात फिरवला. म्हणाल्या, "आपल्यासारखंच की गं. आपण कोरून घेतो, हे चिकटवतात." मग त्यांनी प्रत्येक भांड्यात साखर घालून ते परत केलं.

मिरजेची_माई

@बायो_सिटी, काय लिहिलंस गं. आमच्या माजघरातल्या प्रत्येक पातेल्यावर आजेसासूबाईंचं नाव आणि साल आहे. बोहारणीला द्यायला हात होत नाही.

पुणे_३०

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. ८४ वर्षांची बाई घर आवरून लेकीच्या एका खोलीत राहायला चालली आहे. ती वस्तू कमी करतेय, आणि आपण गोधडीसारखी मोठी वस्तू द्यायची? माझी आई पुण्यातलं घर सोडून माझ्याकडे आली तेव्हा निरोपाच्या भेटवस्तूंचे तीन खोके झाले होते. एकही टाकवेना, एकही ठेवायला जागा नाही. तिला त्याचा त्रासच झाला. काहीतरी खाण्याचं द्या, किंवा हातात मावेल असं.

शिवाय त्यांनी तवा दिला तो त्याची किंमत कळणाऱ्या हातात जावा म्हणून. परतफेडीची अपेक्षा नसेलच. तो वापरात राहिला की झालं.

घावन

@पुणे_३०, +१. वापरा, रोज वापरा. बिडाचं भांडं साबणाने घासून कपाटात ठेवलं की मेलं. गरम पाण्याने धुवायचं, लगेच विस्तवावर कोरडं करायचं, तेलाचा हात फिरवायचा. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला तर उत्तम. आंबट मात्र त्यात शिजवू नका, टोमॅटोचं सार वगैरे. इतक्या पिढ्यांचा थर निघून जाईल.

अवांतर: आक्का कॉर्नब्रेडमध्ये साखर घालतात का?

लाल_माती

@घावन, साखरेचं नाव काढलं तर आक्का भुवया उंचावतात. तवा आधी तेल घालून कडक तापवायचा, मग पीठ ओतायचं, चर्र आवाज आला पाहिजे. साखर घातली की तो केक झाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या जाऊबाई मात्र घालायच्या आणि त्यावरून दोघींत वर्षानुवर्षं चालू होतं.

घावन

म्हणजे आमटीत गूळ घालावा की नाही, तेच ते. माझ्या दोन्ही आज्या गेल्या पण तो वाद घरात अजून जिवंत आहे.

खारी_शेंग

आणि बर्फ घातलेला गोड चहा? त्याबद्दल कुणी बोललं नाही अजून.

बायो_सिटी

चहात बर्फ हे मला आजवर पटलेलं नाही. पण जुलैच्या दुपारी कुणी पुढ्यात ठेवला तर पहिला ग्लास मीच संपवते.

नदीकाठ

मॉन्टगोमेरी, अलाबामाहून लिहिते आहे. धागा आवडला. मेकनचं ते ताक-भाकरीचं वाचून मलाही भरून आलं. पण एक गोष्ट इथे कुणीतरी म्हणायला हवी, म्हणून म्हणते.

आपण भेंडी, चवळी, शेंगा बघून "अगदी आपल्यासारखं" म्हणतो. ही चव इथे आली कशी? भेंडी आणि चवळी आफ्रिकेतल्या. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर त्या इथे आल्या. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा, तोही आफ्रिकेतून फिरून इथे पोचला. लुइझियानातल्या गंबो नावाच्या दाट रश्श्याचं नावसुद्धा आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आलंय. ज्यांनी ही शेतं कसली आणि ही स्वयंपाकघरं चालवली त्यांच्या वाट्याला काय आलं, ते आमच्या गावातल्या स्मारकात दिसतं. झुंडीने मारलेल्या कृष्णवर्णीयांचं ते स्मारक, २०१८ साली उघडलं. लोखंडी खांब, प्रत्येकावर एका परगण्याचं नाव आणि तिथे मारल्या गेलेल्यांची नावं. चालत जाताना जमीन खाली उतरत जाते आणि खांब डोक्यावर टांगलेले राहतात. मी तिथून आल्यावर दोन दिवस नीट जेवले नाही.

आणखी एक. इथे लहान मुलं मोठ्या बायकांना 'मिस' लावून पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्या ताई-काकूसारखं, मलाही ते फार आवडतं. पण १९६३ साली याच राज्यात, गॅडस्डेनच्या कोर्टात, मेरी हॅमिल्टन नावाच्या कृष्णवर्णीय कार्यकर्तीला वकिलाने नुसतं 'मेरी' म्हटलं. गोऱ्या बाईला म्हणतात तसं 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं तिने सांगितलं. तिला कोर्टाच्या अवमानाबद्दल तुरुंगवास आणि दंड झाला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. एका 'मिस'साठी एवढं करावं लागलं.

कुणाचा आनंद कमी करायचा नाहीये. पण आठवणींचा धागा आहे, तर हेही त्यात असावं.

पुणे_३०

@नदीकाठ, उत्तम प्रतिसाद. मेरी हॅमिल्टनबद्दल पहिल्यांदा वाचलं. आपल्याकडेही कुणाला अहो-जाहो आणि कुणाला अरे-तुरे यावर कमी अन्याय झालेला नाही. माझ्या आजोळी वयाने मोठ्या गड्यालाही घरातली पोरं एकेरीत हाक मारत. तेव्हा त्यात काही वाटायचं नाही, आता आठवलं की लाज वाटते.

खारी_शेंग

मान्य. मी पंपावरची ती पिशवी खाताना यातलं काही मला माहीत नव्हतं. आता शेंग सोलताना आठवेल.

लाल_माती

@नदीकाठ, बरं झालं लिहिलंत. आक्का स्वतः कृष्णवर्णीय आहेत, हे मी वर लिहायला हवं होतं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात वाट्याने कापूस लावायचे. म्हणजे त्यांच्या आजीकडे हा तवा कुठून आणि किती कष्टाने आला असेल, याचा विचार मी तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत केलाच नव्हता. रात्री आईला सगळं मराठीत सांगितलं. ती उठून गेली आणि ओट्यावरचा तवा उचलून देवघराशेजारच्या फळीवर ठेवला.

मिरजेची_माई

मग तर गोधडीच. @पुणे_३०, माफ करा, मी हट्टी आहे.

नदीकाठ

गोधडीवरून सांगते. आमच्याकडे अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड म्हणून गाव आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. शेतात घालून विरलेल्या विजारी, गुडघ्याला जिथे ठिगळ होतं तिथला निळा रंग जास्त गडद. त्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. मी तिथे गेले तेव्हा एका बाईंनी सांगितलं, नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची शिवलेली गोधडी त्या अजून पांघरतात. माझ्या आजीनेही हेच केलं होतं, आजोबांच्या धोतरांची. तेव्हा @पुणे_३० यांचं जागेचं म्हणणं बरोबर आहे, पण आक्कांच्या घरी अशी गोधडी असेलच. तिच्यापुढे तीन आठवड्यांत घाईने शिवलेली ठेवू नका.

मिरजेची_माई

बरं. हे पटलं. माघार.

टेकडीपल्याड

टेनेसीहून. तव्याचं काही सुचत नाही, पण शेजारधर्मावरून दोन गोष्टी.

पहिली, इथे अंत्ययात्रेच्या गाड्या जाताना समोरून येणारे लोक गाडी बाजूला घेऊन थांबतात. अनोळखी माणसाची असली तरी. माझे बाबा इथे आले असताना मी घाईत होतो, पुढचा ट्रक थांबला म्हणून हॉर्नला हात घातला. बाबांनी माझा हात धरला. ट्रकवाला टोपी काढून छातीशी धरून बसला होता. आम्ही सगळ्या गाड्या जाईपर्यंत थांबलो, बाबांनी हात जोडले.

दुसरी आनंदाची. स्मोकी पर्वतात एल्कमाँटला मेअखेर-जूनच्या सुरुवातीला काजवे एका तालात चमकतात. पाहायला सोडत काढतात, इतकी गर्दी. आमचा नंबर दुसऱ्या प्रयत्नात लागला. अंधारात हजारो काजवे एकदम पेटायचे, मग सगळं रान काळं, मग पुन्हा. बाबा भंडारदऱ्याचे काजवे लहानपणापासून पाहिलेले. अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आमचे एवढे शिस्तीत नसतात, पण जास्त असतात."

घावन

बाबा जिंकले!

लाल_माती

आईचंही असंच. इथे जुलैत रस्त्याच्या दुतर्फा क्रेप मर्टल फुलतो. आई म्हणाली, हा ताम्हणच आहे. मी नाही म्हटलं. मग शोधलं तर खरंच ताम्हणाचा सख्खा चुलतभाऊ निघाला, एकाच कुळातला. ताम्हण आपलं राज्यफूल. आणि आक्कांच्या दारातला गार्डेनिया म्हणजे अनंत. आई रोज एक फूल अंबाड्यात घालायची, दुसरं आक्कांच्या कॉलरला लावायची.

विक्रोळीकर

उशिरा आलो. जॉर्जिया आणि शेंगा म्हटल्यावर हे नाव यायलाच हवं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर जॉर्जियातल्या प्लेन्स गावचे, घरचा भुईमुगाचा धंदा. त्यांच्या आई लिलियन कार्टर पेशाने नर्स. १९६६ साली, ६८व्या वर्षी, त्या पीस कोअरमध्ये, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेत, दाखल झाल्या आणि आमच्या विक्रोळीत येऊन राहिल्या. गोदरेज कॉलनीत. कुटुंबनियोजनाचं काम आणि दवाखान्यात रुग्णसेवा, असं जवळजवळ दोन वर्षं. मुलगा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला तो १९७६ साली, म्हणजे त्या इथे होत्या तेव्हा त्यांना कोण ओळखणार.

मी त्या काळचा नाही, पण त्याच परिसरात वाढलो. भाषा येत नसताना, त्या वयात, लाल मातीतून उठून एक बाई आमच्या गल्लीत येऊन आजाऱ्यांची सेवा करते हे मला नेहमी थोर वाटत आलंय. आता तासगावची आई जॉर्जियाच्या झोपाळ्यावर बसून पिकान फोडतेय. @लाल_माती, आक्कांना हे नक्की सांगा. त्या वयाच्या जॉर्जियाच्या बाईला 'मिस लिलियन' माहीत असणारच.

खारी_शेंग

क्या बात है! आणि माझा सल्ला: दाण्याचे लाडू. शेंगांच्या मुलखातल्या बाईला शेंगाच, पण आपल्या पद्धतीच्या. ओहायोत गेल्यावर रोज एक.

पुणे_३०

लाडू +१. हातात मावतात, संपतात.

बायो_सिटी

लाडू द्याल ते कशातून? माझं मन त्या भांड्याच्या नावावरच अडकलंय.

लाल_माती

मंडळी, कळवायला उशीर झाला. आक्का काल गेल्या.

@बायो_सिटी, तुमचा शेवटचा प्रश्न आईला वाचून दाखवला आणि ती गप्प झाली. तिच्या बॅगेत एक स्टीलचा डबा आहे, मेथीदाणे आणि हिंग ठेवायचा. तासगावहून आणलेला. तिच्या लग्नात तिच्या आईने दिलेला, झाकणावर आईचं माहेरचं नाव आणि १९७९. तो तिने रिकामा केला, हिंगाचा वास जाईपर्यंत तीनदा उन्हात ठेवला. दाणे त्याच बिडाच्या तव्यावर मंद आचेवर भाजले. सालं काढून, भरड वाटून, गूळ घालून एकवीस लाडू वळले.

ओसरीवर झोपाळा राहिला नव्हता, आक्कांच्या जावयाने उतरवून ट्रकमध्ये ठेवला होता. दोघी पायरीवर बसल्या. आक्कांनी एक लाडू तिथेच खाल्ला आणि मग झाकणावरच्या अक्षरांवर बोट फिरवलं. मी सांगितलं, हे आईचं नाव आहे, तिच्या आईने घातलेलं. मिस लिलियनचंही सांगितलं. "आय नो दॅट, बेबी," म्हणाल्या, "शी वेंट टू युअर मामाज प्लेस."

मग मला म्हणाल्या, आतून चिकटपट्टी आण. खोकी बांधायची तीच. एक तुकडा दाताने तोडला, गुडघ्यावर ठेवला, आणि मला आईचं नाव एकेक अक्षर विचारून इंग्रजीत लिहिलं. तवा मागून घेतला, उलटा केला आणि बुडाला चिकटवला.

मिरजेची_माई

वाचून झाल्यावर दहा मिनिटं तशीच बसले होते.

नदीकाठ

आईंना माझा नमस्कार सांगा.

घावन

सगळं ठीक आहे पण ती पट्टी विस्तवावर ठेवायच्या आधी काढा हं! जळेल.

लाल_माती

@घावन, काढली. आईने तिच्या पाककृतींच्या वहीत चिकटवली आहे, थालीपिठाच्या पानावर. तवा विमानात न्यायचा म्हणतेय, हातातल्या पिशवीत की बॅगेत, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.

टेकडीपल्याड

बॅगेत टाका. जड भांडं केबिनमध्ये अडवू शकतात. दांड्याला टॉवेल गुंडाळा आणि आधी बॅगेचं वजन करून घ्या, बीड फार जड असतं.